बरोबरीचा डाव

सुमतीबाईंनी डाव्या हाताने हत्ती उचलून शह दिला आणि हात मागे घेताच त्यांना चूक कळली. शह द्यायचाच नव्हता. प्यादं एक घर पुढे सरकवलं असतं, तर त्याचा वजीर होणं कुणालाच थांबवता आलं नसतं. समोरच्या सुश्रुतने राजा बाजूला, थेट प्याद्याशेजारी घेतला आणि बघता बघता ते प्यादं मारलं. आता दोघांकडे एकेक हत्ती होता आणि शिल्लक प्यादं एकट्या सुश्रुतचं.

"काकू, बरोबरी करू या," तो हळूच म्हणाला.

सुमतीबाई एके काळी ठाणे जिल्ह्यात गाजलेल्या खेळाडू. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. त्यानंतरची डोंबिवलीतली ही त्यांची पहिलीच स्पर्धा. आधीच्या फेऱ्यांतही असंच झालेलं. समोरच्याने तब्येतीची चौकशी करायची, जिंकत असतानाही बरोबरी देऊ करायची, आणि त्यांनी ती मुकाट्याने घ्यायची.

भिंतीशी बसलेले त्यांचे यजमान, आनंदराव, मानेनेच 'घे' म्हणाले. सुमतीबाईंनी तिकडून नजर काढली.

"प्यादं तुझं जास्त आहे. खेळ."

सुश्रुत ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इंजिनिअर होता, सुट्टीच्या दिवशी स्पर्धा खेळायचा. त्याने खुर्ची पुढे ओढली. मग मात्र त्याने गय केली नाही. त्यांचा राजा पटाच्या कडेला रेटत नेला. विजय समोर दिसत असताना घाई केली आणि हत्तीच्या बदल्यात हत्ती मारून घेतला. उरलं त्याचं प्यादं आणि दोघांचे राजे. सुमतीबाई दर वेळी प्याद्याच्या वाटेत उभ्या राहिल्या. शेवटी त्यांच्या राजाला हलायला घर उरलं नाही, पण शहही नव्हता. नियमाने बरोबरी.

"जिंकलेला डाव घालवला," सुश्रुत दातओठ खात म्हणाला. हात मिळवायचंही त्याला सुचलं नाही.

आनंदराव लगबगीने आले. तिची तब्येत अलीकडे बरी नसते, मनावर घेऊ नका, असं काहीसं सुश्रुतला सांगू लागले.

"त्याला बोलू द्या हो," सुमतीबाई म्हणाल्या. मग सुश्रुतकडे वळून, "मारामारी न करता हत्ती कुठे ठेवायचा होतास?"

"इथे. मग तुम्ही हरला असतात."

त्यांनी आपला हत्ती पुन्हा पटावर ठेवला.

"तुझाही ठेव. बघू या."