मागणी

ती निळी चिमटी – प्लॅस्टिकची, बोटाच्या पेरापेक्षा जराशी मोठी – पर्समध्ये कशी आली ते तिला आठवेना. हेडफोन शोधताना हाताला लागली. आईच्या नळीची चिमटी. पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतलं डायलिसिसचं पाणी आत उतरलं की ती लावायची... रविवारी आईकडे आवराआवर करताना आलेली असणार. आईच्या मूत्रपिंडांनी केव्हाच हात टेकलेत. दिवसातून चार वेळा ती खिडकीपाशी खुर्ची ओढते, पडद्याच्या दांडीला पिशवी अडकवते आणि पाणी उतरेपर्यंत रेडिओवरच्या गाणाऱ्यांना नावं ठेवते. याला सूर म्हणायचं की दुखणं, असं तीच विचारते, पोटाला नळी लावून.

आणि त्या पिशव्या लेक नोकरी करते तीच कंपनी बनवते. सुरुवातीला याचा तिला आधारच वाटला होता.

तिने चिमटी बाजूला ठेवली. समोर स्क्रीनवर डेपोंच्या ओळी. कुठल्या डेपोला किती माल जायचा हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि ते नीट ठरवतंय ना, यावर लक्ष ठेवायचं हे तिचं काम. पूर्वी हे फोनवर चालायचं – ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे गाडी. त्यापेक्षा हे बरं, असं नव्या माणसांना शिकवताना तीच सांगायची, आणि ते तिला मनापासून पटलेलंही होतं... पिशव्यांचं प्लॅस्टिक परदेशातून येतं, ते घेऊन येणारं जहाज बंदराबाहेर अडकलं, उत्पादन निम्म्यावर आलं, आणि सॉफ्टवेअर शांतपणे वाटणी करत राहिलं : मोठी मागणी आधी, लहान मागणी नंतर. आईचा डेपो सगळ्यात तळाशी. लाल ओळ.

हाताने बदल करता येतो, पण कारण लिहावं लागतं. त्या रिकाम्या चौकटीत तिची बोटं आधी ‘आई’ असं टाइप करून गेली. तिने ते खोडलं, ‘रुग्णांची तातडी’ लिहिलं, आकडा वाढवला – आणि त्याच क्षणी वरची ओळ लाल झाली. ते गाव तिने कधी पाहिलेलं नव्हतं. तिथेही कुणीतरी खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलेलं असेल, पिशवी कशालातरी अडकवून... पण मी त्यांना ओळखत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि बटण दाबलं.

चहा घेऊन परत येईपर्यंत सॉफ्टवेअरने हिशेब नव्याने मांडला होता. आकडा पुन्हा जुनाच. कुणी तिला रागावलं नव्हतं, कुणी काही विचारलंही नव्हतं. भिंतीशी भांडावं तसं झालं.

ती पुरवठा विभागाच्या साहेबांकडे गेली. माणूस वाईट नव्हता. पाठीच्या दुखण्यामुळे उभ्यानेच काम करायचा, आणि ऐकून घ्यायचा. त्याने सगळं ऐकलं.

“तू एकाच ओळीकडे बघतेयस,” तो म्हणाला. “सॉफ्टवेअरला सगळ्या दिसतात.”

“त्या ओळीत माझी आई आहे, साहेब.”

त्याने चष्मा काढला, पुसला, तो स्वच्छच होता. “मग सांग, कुठल्या ओळीतून काढू?”

त्याने विचारलं ते टोमण्याने नव्हे, खरंच विचारलं होतं.

जिन्यात उभं राहून तिने आईला फोन लावला. आईने आधी शेजारणीच्या मांजराची सगळी हकिगत सांगितली, मग रेडिओची, आणि मग मांजराबद्दल बोलावं त्याच सुरात म्हणाली, “दुपारची पिशवी मी सोडलीय हं. पाय थोडे सुजतात, एवढंच.”

“आई, असं परस्पर करतात का? डॉक्टरांना विचारलंस?”

“आम्ही इथल्या सगळ्या पेशंटांनीच सोडलीय एकेक. डेपोवाल्यालाही वर कंपनीत तसंच कळवायला सांगितलं – एवढ्यात भागतं म्हणून. माल नसताना आणा म्हणून उगाच कशाला त्याचा जीव खायचा? तू जेवलीस का?”

जेवले, असं ती म्हणाली. खोटंच.

परतली तर ओळ हिरवी होती. तळाची, आईच्या डेपोची ओळ. तिने खुर्ची पुढे ओढली. साहेब मागून जाता जाता थांबला. “बघ, सावरलं की,” म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच समाधान होतं. तिने ओळीवर टिचकी मारली. पाठवायचा माल तेवढाच होता, एक खोकंही वाढलेलं नव्हतं. खाली बारीक अक्षरांत होतं : मागणी घटली, तुटवडा नाही.

साहेबाला सांगायला ती वळली. तो फोनवर होता. आणि सांगायचं तरी काय – की या हिरव्या रंगात सुजलेले पाय आहेत? मागणी डेपोकडून येते. तो आकडा तिला बदलताच येत नाही. चौकट करडी, बोट लावलं तरी ढिम्म.

पण ते नंतरचं. त्याच्या आधी, टिचकी मारण्याच्याही आधी, हिरवा रंग दिसला तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. सगळं ठाऊक असून. जिन्यातला तो आवाज अजून कानात असताना. मला हायसं वाटलं... छातीतलं काहीतरी सैल झालं होतं, आपसूक, कुणी कळ दाबल्यासारखं, आणि आता कितीही आवळलं तरी ते पुन्हा घट्ट होईना. ती स्वतःवर चिडायची वाट पाहत बसून राहिली. राग येत नव्हता. फक्त डोळे राहून राहून त्या ओळीकडे जात होते, आणि गेले की निवत होते.