चंद्रावर न गेलेली जुळी

दचकू नका, मीच बोलतेय. संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारी उभी असलेली सहा चाकांची गाडी. पाटीवर 'प्रतिकृती' लिहिलंय, ते फारसं मनावर घेऊ नका. चंद्रावर पहिल्यांदा चाललेल्या गाडीची मी सख्खी जुळी बहीण आहे.

आम्ही दोघी एकाच महिन्यात, एकाच हॉलमध्ये घडलो. चाकं बसवली फिटर काकूंनी. काकूंना बोल्टशी गप्पा मारायची सवय. पाना फिरवताना म्हणायच्या, "बस गं बाई, आता हलू नकोस." बोल्टही ऐकायचे. हाताखालची माणसं मात्र तेवढी ऐकत नसत.

वर कुणी जायचं, हे ठरवायला आम्हाला काट्यावर चढवलं. बहीण माझ्यापेक्षा अकरा ग्रॅमनी हलकी भरली आणि तिचा नंबर लागला. अकरा ग्रॅम! माणसं बारीक होण्यासाठी इतकी का झुरतात, ते मला त्या दिवशी कळलं.

मला खाली वाळूच्या खोलीत ठेवलं. बहिणीला जे करायला सांगायचं, ते आधी माझ्याकडून करून घ्यायचे. चढ मी चढायचा, खड्ड्यात मी पडायचं, फोटो मात्र तिचा.

त्याच महिन्यात शेजारच्या देशाचीही गाडी चंद्राकडे निघाली होती. आमच्याकडे त्या देशाचं नाव घ्यायची चोरी. मोठे साहेब नुसतं 'ते' म्हणायचे, पण दिवसातून चाळीस वेळा. 'ते' कुठवर आले? 'त्यांचा' वेग किती? 'त्यांच्या' यानात बिघाड झाल्याची कुणकुण लागली की सगळे 'अरेरे' म्हणायचे आणि चहा जरा जास्तच मागवायचे. चाकाची कल्पना त्यांनी आमची चोरली, असं आमच्याकडे ठामपणे सांगत. त्यांच्याकडे नेमकं उलटं सांगत.

आमचं यान तीन दिवस आधी उतरलं. टाळ्या झाल्या, मिठ्या झाल्या. मग बहिणीला उतारावरून खाली यायला सांगितलं आणि ती जागची हलेना.

प्रवासात चाक फिरू नये म्हणून त्यात एक खिट्टी असते. ती सुटतच नव्हती. जोर लावला, थांबून पुन्हा लावला. तिकडे मिनिटामिनिटाला 'ते' जवळ येत होते. मला वाळूत तशाच उतारावर उभं केलं, चाक बर्फासारखं गार केलं, आणि माझीही खिट्टी अडकली. बहिणीचं दुखणं मला जडलं, पण औषध कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी फोन उचलला आणि शेजारच्या देशातल्या एका फिटरला लावला. एका प्रदर्शनात दोघांची चाकांवरून चांगलीच जुंपली होती. काकू म्हणाल्या होत्या, तुमची चाकं काडीपैलवान. तो म्हणाला होता, तुमची सुजलेली. तेव्हापासून ओळख. बोलायचे दोघं तिसऱ्याच भाषेत, तीही मोडकी. हात वाळूने भरलेले, म्हणून काकूंनी फोन स्पीकरवर ठेवला होता. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"तुमची खिट्टी कधी अडकली होती का हो?" काकूंनी विचारलं.

तो आवाज उतरवून म्हणाला, "ताई, गाडीबद्दल एक शब्द बोललो तर माझी नोकरी जाईल."

"बरं. राहू दे मग."

"थांबा की! घरचं बोलायला कुठे मनाई आहे? थंडीत आमच्या फाटकाची कडी अडकते. बायको पुढे ओढत बसते आणि चिडते. मी आधी फाटक केसभर मागे रेटतो. कडीवरचा भार उतरला की ती अलगद सुटते."

काकूंनी फोन ठेवला. वळल्या, तर मागे मोठे साहेब उभे.

"कुणाशी बोलत होतात?"

"ओळखीतल्या एकाशी. त्यांच्या फाटकाचं काहीतरी चाललंय."

साहेब माझ्या चाकाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग फाटकच करून बघा."

मला केसभर मागे रेटलं. खिट्टी टक्कन सुटली. सतरा वेळा केलं, सतराही वेळा सुटली. तसा हुकूम वर गेला. अडीच सेकंदांनी पडद्यावर बहिणीचं चाक हललं आणि ती ठुमकत उताराखाली आली. मोठे साहेब चक्क रडले. नंतर म्हणाले, डोळ्यात वाळू गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा: 'शेजाऱ्यांना धूळ चारली!' काकूंनी पेपराची घडी घालून माझ्या चाकाखाली सरकवली.

मग 'त्यांची' गाडी उतरली आणि आमच्या दुप्पट चालली. हॉलमध्ये सगळ्यांची तोंडं पडली. काकू एकट्याच कामात डोकं खुपसून गालात हसत होत्या. काडीपैलवान चाकं निघाली की दमाची!

दोन आठवड्यांनी तिथला सूर्य मावळला आणि थंडीने दोन्ही गाड्या कायमच्या थांबल्या. अजून तिथेच आहेत, एकमेकींपासून जेमतेम दिवसभर चालण्याच्या अंतरावर. इथे रोज माणसं माझ्यापुढे वाद घालतात: कोण पहिलं, कोण दुसरं, कुणी कुणाचं चोरलं. मी ऐकते. चाकं साखळीने बांधलेली, जाणार कुठे?

एवढंच मागते. तुमच्यापैकी कुणी कधी तिकडे गेलंच, तर माझ्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. आणि तसेच पुढे चालत जाऊन त्या दुसरीलाही सांगा. इतकी वर्षं शेजारी राहून दोघींची अजून ओळखही झालेली नसणार.