परसातली गुलबक्षी

कामाला येणाऱ्या बयाबाईने परसातलं तण काढायला खुरपं रोवलंच होतं, तेवढ्यात कस्तुरबाई ओट्यावरून उतरली आणि तिने बयाबाईचं मनगट धरलं.

"राहू दे ती रोपं. चातुर्मास आहे."

"अवं, पर कुणी लावल्यात ही?"

"कुणी लावलेली असोत नाहीतर नसोत. चार महिने आमच्यात हिरवं उपटत नाहीत."

बयाबाई तोंड वाकडं करून दुसऱ्या कामाकडे वळली. अशी ती तीन रोपं वाचली. पानं गुलबक्षीची दिसत होती, पण कस्तुरबाईने ते मोठ्याने म्हटलं नाही. आशा बोलून दाखवली की दृष्ट लागते, असा तिचा पक्का समज.

आशेला कारणही तसंच होतं. लग्न होऊन ती मारवाडातून निरगुडसरला आली, तेव्हा आईने ओढणीच्या टोकाला पांढऱ्या गुलबक्षीचं बी बांधून दिलं होतं. पुढे आई वारली. हिला तोंडही बघायला मिळालं नाही. आईचं म्हणून या परमुलखात काय होतं, तर ती पांढरी फुलं. गेल्या दिवाळीत तीही गेली.

तेव्हा गावात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, शिरला होता. कस्तुरबाईचे यजमान पुनमचंद शेठ तिला घेऊन रानात झोपडीत राहायला गेले. परसामागच्या खोपटातली तुकाबाई धनगरीण काही हलली नव्हती. जाताना कस्तुरबाई तिला म्हणाली होती, "तेवढं झाडांवर लक्ष ठेव."

आता धनगराच्या बाईने लक्ष ठेवावं ते कसं? चराईला कोकणात उतरायच्या आधी तिने आपली मेंढरं दोन रात्री त्या परसात बसवली. मेंढरं बसली की जमिनीला खत मिळतं, म्हणून शेतकरी पायलीभर धान्य देऊन आर्जवं करतात. हिने फुकट बसवली. बिचारीजवळ द्यायला तेवढंच होतं, ते तिने मन मोठं करून दिलं. फुलझाडांचा पार चेंदामेंदा झाला. ताप ओसरल्यावर कस्तुरबाई घरी परतली, परस पाहिलं आणि तुकाबाईशी बोलणंच टाकलं.

भाद्रपदात एका संध्याकाळी रोपांना पहिली फुलं उमलली. कस्तुरबाई हातातलं पीठ तसंच ठेवून धावली. फुलं गुलाबी होती. तिन्ही रोपांची गुलाबीच. तिला रडू आवरेना.

कुंपणापलीकडून तुकाबाईने ते पाहिलं. बोलणं बंद आहे हे विसरून ती आत आली.

"शेठाणी, काय झालं वो?"

"माझ्या आईचं फूल पांढरं होतं गं. ही माझी नव्हेत."

तुकाबाईने आपल्या कुंपणावरच्या गुलबक्षीचं लालभडक फूल खुडून आणलं आणि त्या गुलाबी फुलाशेजारी धरलं.

"ह्यो बाप. आन् आई तुमचीच. पांढऱ्या मेंढीला तांबडा मेंढा लागला की कोकरू दोघांवर जातंय. पांढऱ्या आईबिगर ह्यो रंग येईल कुठनं?"

कस्तुरबाईने वाकून दोन्ही फुलं पुन्हा निरखली.

"आन् अशाच कोकराच्या पोटी फुडं एखादं निव्वळ पांढरं निपजतंय. माझ्या मेंढरांच्या वाड्यात लई बघितल्यात. ह्यांचं बी पडू द्या."

"पण झाडं तर सगळी तुडवली होती."

"झाडं तुडवली. खाली पडल्यालं बी खुरांनी मातीत दाबलं आसंल." तुकाबाईचा आवाज उतरला. "मला कळलं न्हाई, शेठाणी. चांगलं कराया गेले व्हते."

कस्तुरबाईने पिठाच्या हातानेच तिचा हात धरला. वर्षभराचा राग कुठल्या कुठे गेला, आणि या बाईचे उपकार कसे फेडावे ते तिला सुचेना.

"कोकणात कधी उतरता?"

"दिवाळी झाली की."

"मग त्याआधी, बी पडलं की दोन रात्री मेंढरं बसव."

"कुठं?"

"इथंच. परसात." कस्तुरबाईने डोळे पुसले. "या खेपेला फाटक मी उघडते."