लाल रेघ, एक वीत वर

लाल रंगाचा अर्धा डबा. गुडघ्याला चोळायच्या तेलाचा वास. दोरी बांधलेली खुर्ची. दोन गंजलेले बोल्ट. एक वीत.

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. हे सगळे तुकडे माझेच. नीट सांगायचं ठरवते, पण मी अर्धी पाण्यात असते.

एका जाड फळीतून मला कापलं. रंगाऱ्याने श्वास रोखून माझ्यावर आकडे काढले आणि वरच्या बाजूला एक लाल रेघ ओढली. पाणी तिथवर आलं की खालच्या गल्लीने घरं सोडायची. मग बोल्ट ठोकून मला धक्क्याच्या भिंतीवर बसवलं.

काम एकच, उभं राहायचं. रोज सकाळी बंदराची कारकूनबाई यायची, वाकून आकडा वाचायची, वहीत लिहायची. दात घासायच्या जुन्या ब्रशने माझ्यावरचं शेवाळ काढायची. शाळेतली मुलं आली की सांगायची, "गावात कधीच खोटं न बोलणारी ही एकटीच." मी ताठ व्हायचे. तशी ताठच होते म्हणा.

पुढे वर्षागणिक वहीतले आकडे चढू लागले. खालच्या गल्लीतलं शेवटचं घर बाईच्या भावाचं. तो होडी चालवायचा. म्हातारी आई त्याच्याकडेच, आणि तिचे गुडघे कामातून गेलेले.

"दादा, वरच्या आळीत खोली बघ. आईला घेऊन निघ."

"पाणी काय आज बघतोय मी? चढतं, उतरतं. तुझी भिंत खचलीय, पट्टीसकट."

"खचलेली नाही. मोजणी झालीय."

"मोजणाऱ्याला होडीत बसल्या बसल्या उलटी झाली. तो मला समुद्र शिकवणार?"

शेवटी तिने शब्द घेतला. "वाद नको. लाल रेघेला पाणी लागलं की आईला उचलायचं. एक अक्षर न बोलता."

"दिला शब्द."

मग माझ्यासमोरच, धक्क्यावर गावाची सभा भरली. बर्फवाला म्हणाला, "मागच्या वर्षी थंडीने बोटं वाकली होती, विसरलात? म्हणे जग तापतंय." सगळे हसले. कुणी म्हणालं, रोज उठून भीती कशाला बघायची. भिंत खचली असं हात वर करून ठरलं आणि मला एक वीत वर सरकवायचंही ठरलं. पाना भावाच्याच हातात होता. रंगाऱ्याने लाल रेघ पुन्हा गिरवली.

"आता कशी शहाण्यासारखी वागतेय," भाऊ मला थोपटत म्हणाला.

बाई रोज माझा आकडा वाचायची, त्यात एक वीत मिळवायची आणि मग लिहायची. लोक तिला वीतबाई म्हणू लागले.

वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण भर दुपारी आलं. भाऊ माझ्याकडे बघत पायरीवर उभा होता. बाई धावत आली.

"दादा, निघ."

"चार बोटं कमी आहे अजून. शब्द तूच घेतलास ना? लाल रेघ."

"ती रेघ तू हलवलीस."

"हलवली नाही. जागेवर आणली."

तो हट्टाने बोलत नव्हता, मित्रांनो. त्याचा माझ्यावर विश्वास होता. मला ओरडायचं होतं. पण माझ्याकडे आकडेच आहेत आणि ते खोटे झाले होते.

पाणी गटारातून उलटं फिरून गल्लीत शिरलं. दोघं धावले. पाण्याच्या दाबाने दार उघडेना. उघडलं तेव्हा आधी आईची खुर्ची बाहेर आली. रिकामी. लाल रेघेला पाणी लागायला तेव्हाही दोन बोटं बाकी होती.

आता गाव म्हणतं, पट्टीच चुकीची होती. आणि भिंत खचलीय, असंही तेच गाव म्हणतं. बाई येत नाही. माझ्यावर शेवाळ वाढलंय. भाऊ मात्र रोज येतो आणि तोच पाना लावून बोल्ट फिरवून बघतो. ते गंजलेत. फिरत नाहीत. तो कपाळ माझ्यावर टेकवून उभा राहतो.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी असेल. तिचा आकडा आवडला नाही तर तिच्याशी भांडा, पुन्हा मोजा, शंभरदा मोजा. पण तिला हलवू नका. आणि कुणाकडे चांगला पाना असेल तर लवकर या. मला एक वीत खाली आणा. पुढचं उधाण ठरलेल्या दिवशीच येणार आहे.

सभेच्या दिवशी आईला खुर्चीला दोरी बांधून, उचलून धक्क्यावर आणलं होतं, आणि मला हलवू नका म्हणून जे चार हात वर झाले, त्यातला एक तिचा होता.