थरथरत्या रेषेची तळमळ

मित्रांनो, मी एका प्रयोगशाळेतले जुने यंत्र आहे. पेशींतली अगदी क्षीण वीज मोजणे हे माझे काम. माझ्या तारेच्या टोकाला केसाहून बारीक काचेची नळी बसवतात. ती पेशीला टेकली की पडद्यावर हिरवी रेषा थरथरू लागते. शांत बसणे मला कधी जमलेच नाही. शेजारून कोणी चालत गेले तरी माझी रेषा दचकते.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंचे पातळ आवरण असते. त्यात इवली दारे असतात, त्यांना आयन चॅनल म्हणतात. त्यांतून पोटॅशियमसारखे विद्युतभारित कण ये-जा करतात, म्हणून हृदय ठेका धरते आणि स्नायू हलतात. दार उघडले की माझी रेषा उडी मारते. सुरुवातीला पाहुणे आले की आधी मलाच दाखवत.

पुढे मला वापरणाऱ्या संशोधक मॅडमची भाची आजारी पडली. तिचे पाय अचानक लुळे पडत, छातीत धडधडे. तपासणीत तिच्या एका चॅनलच्या घडणीत बारीकसा दोष सापडला. मॅडमनी तसेच चॅनल पेशींत तयार करून माझ्यापुढे ठेवले. दारे आवरणात नीट बसलेली होती, पण रेषा सपाट! मोजण्यासाठी आवरणाचा तुकडा पेशीपासून तोडला की निरोगी चॅनलही हळूहळू गप्प होत.

"मॅडम, या खोक्याचं वय झालंय. नवीन घेऊ या," त्यांचा सहकारी म्हणाला.

मला फार लागले ते. मॅडम नुसत्या येरझारा घालत होत्या. तेवढ्यात भावाचा फोन आला. "ताई, आज ती जिन्यातच बसली. उठताच येईना. काही कळलं का गं?"

"शोधतेय रे. मला तरी कुठे चैन आहे?"

फोन ठेवून त्या एकदम थांबल्या. "दार तेच, यंत्र तेच. मग तुकडा तोडल्यावर हरवतं काय?"

आवरणाच्या आतल्या बाजूला एक खास स्निग्ध रेणू असतो. पेशी तो सतत नव्याने बनवते. तुटलेल्या तुकड्यातला मात्र संपून जातो. मॅडमनी तोच रेणू तुकड्यावर सोडला आणि निरोगी चॅनलची रेषा उसळली! मग भाचीसारखे चॅनल घेतले. थोडा सोडला, काही नाही. आणखी सोडला. माझ्या रेषेने एक बारीक उडी मारली. मग दुसरी.

"दार मोडलेलं नाहीये! ते उघडायला हा रेणू लागतो आणि तोच त्याला घट्ट धरता येत नाही, एवढंच!" मॅडम जवळजवळ ओरडल्याच.

सहकाऱ्याने बाहीने माझ्यावरची धूळ पुसली.

भाची लगेच बरी झाली नाही. पण दोष नेमका कुठे आहे ते कळल्यावर डॉक्टरांनी ही पकड आणखी सैल करणारे तिचे एक औषध बंद केले आणि धडधड कमी झाली. एकदा ती मला बघायला आली. तिने हात ठेवताच माझी रेषा सैरावैरा धावली.

"आत्या, हे तर माझ्यापेक्षा जास्त धडधडतंय!" ती खळखळून हसली.

आता नवे यंत्र आले आहे आणि मी मांडणीवर पडून आहे. मित्रांनो, कोणी गप्प झाले तर त्याला मोडके ठरवण्याआधी त्याच्याभोवती काय कमी पडते आहे ते बघा. ती मुलगी अजूनही कधीकधी जिन्यात बसते. काम अर्धेच झाले आहे आणि माझी तार कोणीतरी काढून ठेवली आहे. जरा जोडा ना ती!