शाबासकीचं उदाहरण

शब्दकोशाच्या संपादकाचा एकच हेका होता. शब्दाखाली उदाहरण द्यायचं ते कानांनी ऐकलेलं, मनाने रचलेलं नाही. त्यापायी हाताखालच्या लोकांची त्याने पार पिसं काढली होती.

छपाईआधीची शेवटची पानं तो घरी आणायचा. बायको मोठ्याने वाचायची आणि तो मूळ प्रतीशी ताडून बघायचा. आज 'व' संपवून 'श' घ्यायचा होता.

"वसकन: एकदम रागाने. 'मध्ये बोलू नकोस,' म्हणत तो वसकन तिच्या अंगावर आला," तिने वाचलं. "वेंधळा: ज्याचं लक्ष ठिकाणावर नसतं असा. 'तुझ्यासारखी वेंधळी बाई दुसरी पाहिली नाही.'"

तिचा आवाज तसूभरही हलला नाही. आपणच उदाहरणं म्हणून दिलेली ही वाक्यं कुठे ऐकली, ते त्याला आत्ता आठवलं. याच खोलीत, स्वतःच्याच तोंडून. त्याची मान खाली गेली ती वर येईना.

"शाबासकी: चांगल्या कामाबद्दल केलेलं कौतुक," ती पुढे वाचू लागली. "अहो, इथे उदाहरणच नाही. जागा मोकळी आहे."

"लिही ना," तो घाईघाईने म्हणाला, "'तू किती छान...'"

"राहू द्या," पान उलटत ती म्हणाली. "रचलेलं चालत नाही तुम्हाला."