प्लायमथचं छप्पर

इदाल्बेर्तोने सासऱ्याच्या गाडीचं छप्पर कापलं, तेव्हा सासरा गावात नव्हता. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण सासरा गावात असता तर छप्पर शाबूत राहिलं असतं आणि मला लिहायला काही उरलं नसतं.

सासऱ्याचं नाव पोन्सियानो. कामाग्वेला त्याची बहीण अंथरुणाला खिळली आहे, आज-उद्याचा भरवसा नाही, असा निरोप आला म्हणून तो काळा शर्ट इस्त्री करून बसने निघाला. भावाला दारात पाहिल्यावर बहिणीने मरण्याचा बेत रद्द केला. मात्र इतक्या वर्षांनी हाती लागलेला भाऊ सोडायला ती तयार होईना. त्यात नातीचा, दायामीचा, पंधरावा वाढदिवस हुकला.

मुलगी पंधरा वर्षांची होणं ही आमच्या सिएन्फ्वेगोसमध्ये घरगुती बाब नसते. ती शहराला दिसावी लागते. भाड्याचा फुगीर झगा, निळ्या क्रीमचा केक, फोटोग्राफर आणि उघड्या गाडीतून प्रादोच्या हमरस्त्यावरून मिरवणूक. गाडी उघडीच हवी. बंद गाडीतून नेलं तर बघणारे विचारतात, पोरीला बरं नाही का?

गावातल्या उघड्या गाड्या त्या आठवड्यात परदेशी पाहुण्यांनी अडवलेल्या होत्या. इदाल्बेर्तो सगळ्यांच्या दारी जाऊन आला. शेवटी तो घरी आला, अंगणात उभ्या असलेल्या सासऱ्याच्या प्लायमथ गाडीकडे बघत राहिला, आणि त्याला ती कल्पना सुचली. अशा कल्पना आमच्याकडे पुरुषांना सुचतात आणि त्या वेळी जवळपास नेमकी एकही बाई नसते.

ही प्लायमथ एकोणीसशे पन्नासची. पाहुणे तिच्यासारख्या गाड्या बघून गालावर हात ठेवतात, फोटो काढतात. आम्ही त्यांतून कामाला जातो. इंजिन रशियन ट्रकचं, आरसे कुठल्याशा मोटरसायकलचे, आणि रेडिएटर मूळचा कुणाचा होता ते विचारू नये अशी पद्धत आहे. गुडघे गेले तेव्हा पोन्सियानोने तिचं चाक सोडलं. त्याच सुमाराला साखर कारखाना बंद पडला आणि तिथला फिटर असलेला इदाल्बेर्तो घरी बसला. म्हाताऱ्याने जावयाला काही विचारलं नाही, समजूत काढली नाही. जेवणाच्या टेबलावर चावी ठेवली आणि म्हणाला, "दार हळू लावत जा."

तेव्हापासून इदाल्बेर्तो सकाळ-संध्याकाळ आमच्या वस्तीतून गावात माणसांची ने-आण करायचा. आम्ही सगळे त्याच गाडीतून कामाला, बाजाराला, प्रसूतीला आणि प्रेताला जायचो. सहा जण दाटीवाटीने, सातवा कुणाच्या तरी मांडीवर.

चानो वेल्डरने कटर आणला. म्हणाला, "कापायला काय, जेवायच्या आधी कापतो. परत जोडायचं असेल तर माझं नाव विसर."

छप्पर म्हणजे गाडीचा कणा, हे फिटरला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? ठाऊक होतं. पण मुलगी पंधरा वर्षांची होती.

कापलेल्या छपराला त्याच दुपारी घर मिळालं. आमच्या शेजारच्या नियेवेसबाईंनी वर्षअखेरीच्या जेवणासाठी डुक्कर पाळलं होतं आणि ते उन्हात लाल होत होतं. डुकराचा पुढचा एक पाय मिळण्याच्या बोलीवर छप्पर त्यांच्या परसात गेलं.

मिरवणूक झकास झाली. दायामी मागच्या सीटच्या पाठीवर बसून राणीसारखा हात हलवत गेली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, हॉर्न वाजवले. पोरगी इतकी खूश होती की फोटोग्राफरने सांगितलेलं गंभीर तोंड तिला एकदाही जमलं नाही. परत घराशी आल्यावर मात्र दारं उघडेनात. छप्पर नाही म्हटल्यावर गाडी मधोमध खचली होती आणि दारं चौकटीत रुतून बसली होती. शेवटी दोन मामांनी दायामीला झग्यासकट वरून उचलून काढलं, खोक्यातून केक काढावा तसं.

आणि मग पोन्सियानो येणार असल्याचा निरोप आला.

"तू पण चल ना स्टँडवर," इदाल्बेर्तो बायकोला म्हणाला.

"मी कशाला?" मारेलिस म्हणाली. "कटर माझ्या हातात होता?"

"तुझे वडील आहेत."

"म्हणूनच तू जा. माझं त्यांच्याकडे काही राहिलेलं नाही."

इदाल्बेर्तो दाढी करून, बाह्या खाली सोडून एकटाच गेला. पोन्सियानो पेरूच्या वडीचं खोकं काखेत धरून बसमधून उतरला. गाडीपाशी थांबला. तिच्याभोवती एक फेरी मारली. जिथे छप्पर असायचं तिथे त्याने हात नेला, तो हवेत तसाच राहिला आणि मग त्याने तो खिशात घातला.

"बाबा, मी सांगतो तुम्हाला काय झालं ते. दायामीचा..."

"दार उघड."

दार उघडण्याची आता एक रीत झाली होती. गाडीखाली शिरायचं, पोटाला जॅक लावायचा, गाडी मधून उचलायची, की दार सुटायचं. इस्त्रीच्या शर्टासकट इदाल्बेर्तो गाडीखाली आडवा झाला. सगळा स्टँड बघत होता. "पोराने जीव दिला की काय?" असं कुणीतरी विचारलं. म्हातारा खोकं धरून ताठ उभा होता. दार उघडल्यावर आत बसला, काळी छत्री उघडली, डोक्यावर धरली आणि म्हणाला, "चल."

त्यानंतर छपराविषयी तो काही बोलला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढे कित्येक दिवस नाही. रोज सकाळी गुडघे शेकायला दवाखान्यात, तिथून आमच्या डॉमिनोच्या अड्ड्यावर, तिथून घरी, सगळं त्याच गाडीतून आणि त्याच छत्रीखाली. रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं तर दुसऱ्या हाताने हॅट उचलायचा. राजाची मिरवणूक आणि अंत्ययात्रा यांच्या मधलं काहीतरी दिसायचं ते.

बाकीच्यांना बोलायची अडचण नव्हती.

"इदाल, उरलेली कधी कापतोस? सीटं मोकळी कर, उभ्यानेच जाऊ."

"अरे, माझी टोपी उडाली! थांबव!"

"थांबवायची कशाला? उतर, घेऊन ये, पुढच्या कोपऱ्यावर गाठशील."

"शंभरदा सांगितलं, केस करून या गाडीत बसू नये. आता बघा, वर्गात मी अशी जाऊ?" हे शाळेतल्या एनेइदाबाई.

"बाई, पोरं तशीही फळ्याकडे बघत नाहीत, केसांकडे कुठली बघणार?"

"फळ्याकडे बघत नाहीत रे मेल्या, म्हणून तर केसांकडे बघतात."

इदाल्बेर्तो मान खाली घालून गाडी चालवायचा. आधीचा इदाल्बेर्तो एका शब्दाला चार शब्द द्यायचा. आता कुणी गाडीला टोपली म्हणालं, बाथटब म्हणालं, तरी "हो" म्हणायचा. आरशात त्याला मागची काळी छत्री दिसायची, आणि चिडवणाऱ्याला उत्तर द्यायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटायचं.

रात्री तो बायकोला म्हणायचा, "त्यांनी एकदा शिवी द्यावी गं. आईवरून द्यावी. गाढव म्हणावं, चावी काढून घ्यावी. मला घरात घास गिळवत नाही."

"ते नाही देणार शिवी."

"का? एवढा मी वाईट?"

"झोप," मारेलिस म्हणायची.

शेवटी तो छप्पर परत मागायला नियेवेसबाईंकडे गेला.

"परत?" त्या म्हणाल्या. "बाळा, डुक्कर खातंय, झोपतंय, अंग धरतंय. आता छप्पर काढलं तर त्याच्या मनाला काय वाटेल?"

"आणि माझ्या मनाला?"

"तुझं कोण खाणार आहे वर्षअखेरीला? जानेवारीत ने." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुझा सासरा येऊन गेला परवा."

इदाल्बेर्तो जवळ सरकला. "काय म्हणाले?"

"काही नाही. परसात स्टूल घेऊन बसला. छपराला आतून हात लावून पाहिला. मी कॉफी दिली, ती प्यायला. बराच वेळ डुकराकडे बघत होता."

"आणि?"

"आणि काय? डुक्करही काही बोललं नाही."

त्या रात्री इदाल्बेर्तो जेवला नाही. पुढचं आम्हाला कळलं ते एनेइदाबाईंमुळे. सकाळी गाडीत शेवटी त्या आणि म्हातारा असे दोघेच उरले होते. त्यांचा थांबा मागेच गेला होता, पण इदाल्बेर्तोचं तोंड बघून त्या मुद्दाम उतरल्या नाहीत. शिक्षणाच्या क्षेत्रात अशी निष्ठा आता दुर्मिळ आहे.

प्रादोच्या मधोमध इदाल्बेर्तोने गाडी उभी केली.

"पेट्रोल संपलं?" पोन्सियानोने विचारलं.

"नाही. तुम्ही मला बोलल्याशिवाय मी गाडी पुढे नेणार नाही."

"काय बोलू?"

"काहीही. तुमचा जीव होता गाडीत. माझ्या हातात विश्वासाने दिलीत आणि मी तिची ही दशा केली. बोला ना! लोक हसतात त्याचं मला काही नाही. तुम्ही गप्प बसता ते मला सहन होत नाही."

मागे एक ट्रक थांबला, त्यामागे एक घोडागाडी. हॉर्न सुरू झाले.

"मी रागावलोय असं तुला वाटतं?" म्हातारा म्हणाला.

"इतके दिवस छत्री उघडून बसताय!"

"ऊन लागतं."

एनेइदाबाईंना इथे हसू आलं, पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी ते खोकल्यात घातलं. तो छत्री मिटत होता. मिटायला त्याला फार वेळ लागला.

"मारेलिस पंधरा वर्षांची झाली, तेव्हा हीच गाडी होती," तो म्हणाला. "नवा रंग दिला होता मी. पिस्त्यासारखा. पोरगी झगा घालून पायरीवर उभी राहिली, म्हणाली, बाबा, गाडी काढा, फोटोच्या दुकानापर्यंत सोडा. उघडी गाडी मागितली नाही तिने. नुसतं सोडा म्हणाली. मी म्हटलं, पाऊस आहे, रंगावर चिखल उडेल. गेली ती पायी. बूट हातात घेऊन, झगा वर धरून. गाडी घरी कोरडी उभी."

मागचा ट्रकवाला आता खाली उतरला होता.

"तू पोरीसाठी छप्पर कापलंस," म्हातारा म्हणाला. "माझ्याने चाक ओलं करवलं नाही. मी कुठल्या तोंडाने बोलू तुला? स्टँडवर गाडी पाहिली आणि वाटलं, बसमध्ये परत चढावं." मग म्हणाला, "कापलंस मात्र फार वाकडं. चल आता, लोक खोळंबलेत."

ट्रकवाला खिडकीशी, म्हणजे खिडकी असती तिथे, येऊन इदाल्बेर्तोला आईवरून, बापावरून आणि दोन्हीकडच्या आज्यांवरून शिव्या देऊ लागला. इदाल्बेर्तो डोळे पुसत त्याला "बरोबर आहे, बरोबर आहे," म्हणत होता.

त्या दिवशी डॉमिनोला म्हातारा आला नाही. संध्याकाळी तो आम्हाला त्यांच्या अंगणात दिसला. आमच्या अड्ड्याच्या आणि त्या अंगणाच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे, आणि एनेइदाबाई दुपारीच येऊन गेल्यामुळे त्या दिवशी सगळ्यांची तोंडं भिंतीकडे होती. बहिणीसाठी नेलेला काळा शर्ट पोन्सियानोने घातला होता, केस पाण्याने बसवले होते. मारेलिस बादलीतून चादरी काढत होती. बाहेर इदाल्बेर्तो गाडीखाली शिरला होता, त्याचे फक्त पाय दिसत होते.

"मारेलिस, हात पूस," म्हातारा म्हणाला. "चल, प्रादोवरून एक चक्कर मारून येऊ. तू मागे बस, वर, दायामी बसली होती तशी."

"वेड लागलंय का, बाबा? या वयात? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. चल गं." त्याने तिच्या हातातली चादर घ्यायला हात पुढे केला. "त्या दिवशी राहून गेलं. पाऊस होता म्हणून, नाहीतर..."

मारेलिसने चादर सोडली नाही. रागावली वगैरे नाही. दुकानात नसलेलं औषध नाही म्हणून सांगतात, तेवढ्याच आवाजात म्हणाली,

"पाऊस नव्हता, बाबा."

आमच्यात एकाच्या हातात डॉमिनोची सोंगटी होती, ती त्याने आवाज न करता खाली ठेवली. गाडीखालचे पायही हलायचे थांबले होते. म्हाताऱ्याने वर आभाळाकडे पाहिलं, जणू ते आभाळ त्या दिवशीचंच होतं आणि अजून त्यात एखादा ढग सापडला असता.

"नव्हता," तो म्हणाला.

"हं," मारेलिस म्हणाली. मग तिने चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "पिळायला धरा."

त्याने टोक धरलं. कोणत्या बाजूला पिळायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं. ती थांबून राहिली.